सुरभीचा कोच

३ फेब्रुवारी
आजपासून माझ्या लेकीच्या, सुरभीच्या पोलिस भरतीचं ट्रेनिंग माझ्या हातात. मी कधी धावलो नाही, पण कोचला डोकं चालवावं लागतं, पाय नाही. मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. पाळीनंतरचे पंधरा दिवस पोरींच्या स्नायूंना व्यायाम जास्त लागू पडतो, पुढचे पंधरा दिवस कमी. म्हणजे आधी जोर, मग आराम. कपाशीला खताचा डोस वेळेवर देतो तसंच. अख्ख्या कारंज्यात हे फक्त मला ठाऊक.

४ फेब्रुवारी
प्रश्न एकच. पोरीला तारीख विचारायची कशी? छायाला विचारलं, तर बायको असून माझ्यावरच डाफरली, तुमाले काय कराचं हाय त्याचं? मग सुचलं. आमच्याकडे ते दिवस आले की सुरभी चार दिवस स्वयंपाकघरात जात नाही. न विचारता तारीख कळणार! आईने घालून दिलेली पद्धत शेवटी सायन्सच्या कामी आली.

९ फेब्रुवारी, सकाळी
सुरभी गॅसकडे फिरकली नाही. पहिला दिवस! वेळापत्रक भिंतीवर लावलं. सुरभीने वाचलं आणि कपाळाला हात लावला. भारावली असावी.

१७ फेब्रुवारी
घोटाळा. सुरभी पुन्हा स्वयंपाकघराबाहेर. इतक्या लवकर? माझ्या खताच्या दुकानात गिऱ्हाइकाने युरिया मागितला, मी पोटॅश दिलं.

२६ फेब्रुवारी
पुन्हा! माझ्याच ट्रेनिंगने पोरीला काही झालं का? ग्राउंड, म्हणजे भरतीची धावण्याची परीक्षा, तोंडावर आलं आहे. फार भीती वाटते.

२७ फेब्रुवारी
मेघा डॉक्टरांकडे एकटाच गेलो. शब्द फुटेना म्हणून घसा दुखतो सांगितलं. त्यांनी घसा पाहिला, चांगला निघाला. मग बोललो. मॅडम हसल्या नाहीत, उपकार झाले. म्हणाल्या, रूपरावजी, नव्या अभ्यासात पाळीच्या कुठल्याही टप्प्यात स्नायू व्यायामाला सारखाच प्रतिसाद देताना दिसले. दुखलं तर आराम, नाहीतर रोज धावू द्या. आणि हे तिलाच विचारा ना.
डॉक्टर चांगल्या आहेत. व्हिडिओ पाहिलेला दिसत नाही.

२८ फेब्रुवारी
विचारलं. म्हणजे छायाला विचारायला लावलं. सुरभीला अभ्यासाला वेळ हवा असला की ती पाळी आल्याचं सांगते आणि पोळ्यांतून सुटते. घरात दुसरी सुट्टीच नाई तं काय करू, असं म्हणाली म्हणे. शिवाय मी वेळापत्रकात लिहिलेल्या आरामाच्या दिवसांत मैत्रिणींसोबत चोरून धावून राह्यली होती. छायाला सगळं माहीत. मी जाहीर केलं, आजपासून सुरभीच्या पोळ्या कायमच्या बंद. छाया म्हणाली, मंग तुमी लाटा. विषय तिथेच संपला.

१२ मार्च, वर्धा
ग्राउंड. आणि आजच खरी पाळी. गाडीवर मागे बसून सुरभीनेच सांगितलं. मी म्हणालो, तारीख बदलून मागू. ती म्हणाली, बाबा, चूप राहा जरा.
पालकांना आत सोडत नाहीत. गेटबाहेर नुसता उन्हात उभा. कोचला याहून वाईट काही नाही.
सुरभी पोट धरून बाहेर आली. आठशे मीटरमध्ये आजवरची तिची सगळ्यात चांगली वेळ! मी ओरडलोच. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, बाबा, समोरच्या मेडिकलमधून पॅड आणून द्या, लवकर.
गेलो. काउंटरवर चार माणसं. माझी पाळी आली. दुकानदाराने विचारलं, काय देऊ भाऊ? मी म्हणालो, ग्लुकोज.
ग्लुकोजही लागतंच म्हणा.
सुरभीने पुडा पाहिला, मला पाहिलं, पुडा परत माझ्या हातात दिला. मला माझीच लाज वाटली. मी म्हणणार होतो, थांब, पुन्हा जातो. तोवर ती पोट दाबत स्वतःच रस्ता ओलांडून गेली होती.