दवाखान्यात मोठ्यानं केलेली प्रार्थना

४ ऑगस्ट, सोमवार
लातुरात आठवडा झाला. खोली बिराजदार काकूंकडे, माडीवर. सोबत गौरी, देवणीची, माझ्याच वर्गात, बी.एस्सी. पहिलं वर्ष. काकू आणि गौ. दोघी लिंगायत. आम्ही ख्रिस्ती हे पप्पांनी खोली ठरवताना सांगितलं नाही, काकूंनीही विचारलं नाही. आमच्या गावी, भोकरला, सांगावं लागतच नाही. आई सरकारी दवाखान्यात सिस्टर, सगळं गाव ओळखतं.

गौ. सकाळी आंघोळ झाली की विभूती लावून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन बसते. तेवढा वेळ हाक मारली तरी ओ देत नाही. मी पांघरुणातून बघते. माझी जेवणाआधीची प्रार्थना मात्र ओठातल्या ओठात, मीठ शोधल्यासारखं करून.

काल उपासनेला गेले नाही. वह्या आणायच्या होत्या, असं स्वतःला सांगितलं. आईचा फोन. "गेलतीस का चर्चला?" "पुढच्या रविवारी जाते." तिनं फोन ठेवून दिला. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

१० ऑगस्ट, रविवार
गेले. काकूंना म्हटलं, मैत्रिणीकडे चालले. रिक्षावाल्याला पत्ता कळेना, शेवटी विचारत विचारत. शेवटच्या बाकावर बसले. गाणं आमच्याकडचंच, पण चाल वेगळी, मी पुढे आणि सगळे मागे. पाळकबाईंनी बाहेर हात धरला. "कुणाची गं तू पोरी? डबा आणलास का, का येतीस आमच्याकडं जेवायला?" गेले जेवायला. भात-आमटी. बरं वाटलं.

तरी परत येताना एकच विचार. भोकरला मी देवाला भेटायला जायचे, का आईनं उठवलं म्हणून जायचे? इथं उठवणारं कुणी नाही, तर...

उद्या प्रॅक्टिकल. झोपते.

१९ ऑगस्ट, मंगळवार
आज लिहायचंच.

केमिस्ट्रीच्या तासाला गौ.ला फोन आला. पोळा तोंडावर आलाय म्हणून तिचे वडील, अप्पा, बैलाला खुरांना पत्री मारायला नेत होते. बैल उधळला, शिंग छातीत. लातूरला आणलंय. मी दोघींच्या बॅगा उचलल्या, रिक्षा केली. वाटेत ती रडली नाही, नुसती माझी ओढणी मुठीत धरून बसली.

अप्पांना आत नेलेलं. बाहेर तिचे काका, सदऱ्यावर रक्त. डॉक्टर म्हणाले, बरगड्या मोडल्यात, आत रक्त साचलंय, नळी टाकावी लागेल. काका सह्या करायला खाली गेले आणि गौ. माझ्याकडं वळली.

"तू जेवताना ओठात काहीतरी म्हणतीस. रोज."
म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं.
"ते अप्पांसाठी म्हण."
"इथं?"
"मग कुठं? आन् मला ऐकू येईल असं म्हण."

आजवर मोठ्यानं प्रार्थना आईनंच केली, नाहीतर पाळकांनी. मी फक्त आमेन. शब्द सुचेनात. एवढंच म्हणाले, प्रभू येशू, गौरीचे अप्पा आत आहेत, त्यांचा श्वास थांबू देऊ नको, डॉक्टरांच्या हाताला बळ दे, गौरीला एकटं वाटू देऊ नको. आमेन. गौ.पण म्हणाली, आमेन. डोळे उघडले तर समोर काका. हातात सह्यांचे कागद.

संध्याकाळी कळलं, अप्पांचा श्वास नीट चालू आहे. गौ. तिथंच थांबली.

२१ ऑगस्ट, गुरुवार
काकूंनी खाली बोलावलं. गौ.चे काका सकाळी येऊन गेले म्हणे. "तुमच्या घरातली ती पोरगी आमच्या लेकराचा धर्म बदलायली," असं सांगून गेले.

काकू सोफ्याच्या कडेला बसलेल्या, माझ्याकडे बघत नव्हत्या. "मला घरात झगडा नको बाई. चांगली पोरगी हायस तू. असं कर, चर्चबिर्च बंद, प्रार्थना बंद. तसं काही झालंच न्हाई म्हणून मी त्यांना सांगते. राहा मग खुशाल. न्हाईतर महिनाअखेर दुसरीकडं बघ."

सोपं होतं. हो म्हणायचं आणि वर जायचं. तोंडापर्यंत आलं होतं. पण मग मंगळवारचं ते सगळं खोटं झालं असतं.

"काकू, गौरीला मी धर्म बदल म्हटलेलं नाही, कधी म्हणणार नाही. पण प्रार्थना केली. तिनं मागितली, मी केली. आणि रविवारी मी जाणार."
"मग बघ बाई तुझं तू."

वर आले. भीती वाटायला हवी होती. वाटतेही आहे, पण आतून मोकळंही वाटतंय. तर देव भोकरला राहिला नव्हता. लातूरलाही आलाय.

२४ ऑगस्ट, रविवार
पप्पा म्हणाले, "ये परत. नांदेडला बघू कॉलेज. रोज बसनं जा-ये कर." आईनं फोन काढून घेतला. "काही यायचं न्हाई. खोली मिळंल दुसरी." मग अप्पांचं विचारलं, नळीतून काय येतंय, ताप आहे का. मी विचारलं, अप्पांना डॉक्टरांनी वाचवलं का देवानं? "मी सिस्टर हाय," आई म्हणाली, "मला दोन्ही लागतात."

उपासनेला गेले. काकूंना या वेळी खरं सांगितलं, कुठं चालले ते. त्यांनी फक्त हूं केलं. दुपारी पाळकबाईंबरोबर दोन खोल्या बघितल्या. एक फार लांब. दुसऱ्या घरी नाव ऐकूनच "भरलीय."

३० ऑगस्ट, शनिवार
अप्पांना सोडलं. देवणीला जायच्या आधी गाडी इथं थांबवायला लावली. पायऱ्या चढता येईनात, म्हणून अंगणातच खुर्ची टाकली. वाळलेला उंच माणूस, छातीला पट्टा, दर वाक्याला दम खातो. काका मागं उभे.

"ती पोरगी कुठाय?"

मी पुढं झाले.

"तूच का. माझ्यासाठी देवापाशी बोललीस म्हणं."
"हो अप्पा."
"काय बोललीस?"

सांगितलं, जसं आठवलं तसं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग काकांकडं न बघताच म्हणाले, "ह्यात धर्म कुठं बदलला रे? माझं लिंग माझ्या गळ्यात हाय, गौरीचं तिच्या. लेकरू एकटं बसलं होतं, ही जवळ बसली. लई केलं हिनं." मग काकूंना, "माझी पोरगी हिच्यासंगंच राहील. हिला काढलं तर दोघींनापण काढा."

काकूंनी पदर खोचला. "मी कुठं काढायली? मी नुसतं बोलले. पोरींना बोलावं लागतं."

गौ. माझ्या पाठीमागं हसत होती आणि रडतपण होती. काका गाडीकडं निघून गेले.

रात्री जेवताना हात जोडून, डोळे मिटून, नीट प्रार्थना केली. काकू वाढता वाढता थांबल्या. ताटात पोळी पडल्याचा आवाज आमेननंतरच आला.

आईला फोन केला तर बोलताच येईना. तिनंच विचारलं, "रडायलीस का हसायलीस?" माहीत नाही म्हटलं.

७ सप्टेंबर, रविवार
गौ. म्हणाली, काका दिवाळीनंतर तिला वसतिगृहात टाकायचं म्हणतात. अप्पा नको म्हणतात. घरात दोघं बोलत नाहीत. माझ्यामुळे का? गौ. म्हणते, "तुझ्यामुळं न्हाई, ते आधीपासून असेच." पटलं नाही पूर्ण.

उपासनेत काकांसाठी प्रार्थना करायला घेतली. पहिल्या वाक्यातच राग आला. पुन्हा घेतली. जेमतेम झाली.

निघताना काकूंनी पिशवी दिली होती. "चर्चहून येताना कोथिंबीर आण. कवळी बघून." घेतली. परत आले तर फाटकासमोर काकांची मोटारसायकल. पाय थांबले. मग आत गेले. काका सोफ्यावर, गौ. दाराशी.

"नमस्कार काका."

त्यांनी मान हलवली. नमस्काराला, का नुसतीच, कळलं नाही.

काकूंनी कोथिंबिरीचा वास घेतला, गॅसवर चहा ठेवला, आणि कप चार काढले.