पंधरवड्याचे निरंक अहवाल

३ फेब्रुवारी १९६४, लोणावळा
पुरातत्त्व खात्याने मोठी जबाबदारी दिली. साथीच्या जुन्या दवाखान्याच्या आवारात नवा वॉर्ड होतोय. पाया खणताना जुनं काही निघालं तर काम थांबवायचा अधिकार माझा, एकट्याचा. रोज पुण्याला छापील फॉर्मवर अहवाल. संकल्प: चराच्या काठावरून हलायचं नाही.

४ फेब्रुवारी
ऊन फार. खुर्ची जांभळीखाली घेतली. तिथूनही सगळं दिसतं. निदान माणसं दिसतात. पंधरवड्याचे अहवाल आजच लिहून सह्या ठोकल्या: निरंक. ही लबाडी नाही, प्लॅनिंग आहे. काही निघालंच तर तेवढा एक फाडायचा.

६ फेब्रुवारी
पाट्या वाहणारी भागूबाई, पन्नाशीची, रोज जेवणाच्या सुट्टीत येऊन विचारते, "सायेब, काय घावलं का?" इतिहासाची केवढी गोडी. कार्ल्याच्या लेण्यांवर अर्धा तास बोललो. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "व्हय, पर हितलं काय घावलं का?"

७ फेब्रुवारी, दुपार
मुकादम धोंडिबा सांगत आला, चरात दगड लागलेत, एका रांगेत, वर आकडे कोरलेले. उठणारच होतो, पण नुकताच जेवलो होतो. रेल्वेचे असतील म्हटलं, काँक्रीटखालच्या सोलिंगला टाका. एक मात्र मागून घेतला, खुर्चीचा पाय डुगडुगत होता. आता बैठक उत्तम. भागूबाईचा आज खाडा.

१० फेब्रुवारी
भागूबाईला विचारलं, तुम्हाला कशाला हवंय हे सगळं? म्हणाली, "माजा बा हितंच गेला, साथीत. मी अंगावर पीत हुते. मढं दिलं न्हाई. आय सांगायची, हितंच पुरलाय, उशाला नंबराचा दगड हाय. म्हून हितं कामाला आले." मग नेहमीचा प्रश्न. अजून काही नाही, म्हणालो. तिच्याकडे बघवेना.

११ फेब्रुवारी
काम थांबवायला गेलो. दगड कालच काँक्रीटखाली गेलेत. पुण्याला तार लिहिली. पण ७ तारखेचा निरंक तिथे पोचलाय, माझ्या सहीचा. तार खिशात ठेवली. उद्या नक्की.

१३ फेब्रुवारी
शर्ट धुवायला टाकला. तार काढायची राहिली. हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

१४ फेब्रुवारी
धोंडिबाने तिला सांगितलं असावं. सुट्टीत आली, काही विचारलं नाही. खुर्चीखाली बघत उभी राहिली. मी उठलो. तिने दगड ओढून काढला, पदराने पुसला. "किती हाय?" सतरा, म्हणालो. "बाचा कंचा व्हता, तुमास्नी ठावं का?" हाच, असं सांगायला तोंड उघडलं. एवढं एक खोटं मात्र जमलं नाही. माहीत नाही म्हणालो.

"कुनाचा तरी बा असंल," म्हणाली, आणि दगड ओटीत घेऊन गेली.

आजचा निरंक फाडला. नव्या फॉर्मवर लिहिलं: कोरीव दगड, एक, आकडा सतरा. 'सापडल्याचे ठिकाण' या रकान्यापाशी बराच वेळ अडलो. मग लिहिलं: माझ्या खुर्चीखाली.