शॉर्ट लेगच्या हेल्मेटवरून उडालेला कॅच

रविवार, २ फेब्रुवारी २०२५, सकाळी ७. बारामती.
बुद्धघोषला जाऊन तीन दिवस झाले. माझी तब्येत ठीक. रडू आलेलं नाही. पुढच्या रविवारी इंदापूरला त्याच्या घरी जलदान विधी. थोरला भाऊ म्हणून मला दोन शब्द बोलायचे आहेत. ठरवलं : सर्वांसमक्ष त्याला माफ करायचं.

प्रकार नोंदवून ठेवतो. २४ डिसेंबर २०१७, कंपन्यांच्या स्पर्धेची फायनल. मी अंपायर, तो लोणी देवकर एमआयडीसीतल्या त्याच्या कंपनीच्या टीमचा कॅप्टन. त्याच्या बॉलिंगवर मारलेला चेंडू शॉर्ट लेगला उभ्या विजयसिंहच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि बुद्धघोषने तो झेलला. फिल्डरच्या हेल्मेटला लागलेला कॅच धरत नाहीत. मी नॉट आउट दिलं. त्याच बॅट्समनने मॅच काढली. बुद्धघोष भर मैदानात म्हणाला, "दादा, नियम बदललाय." तेव्हापासून बोलणं बंद. दर १४ एप्रिलला त्याचा फोन यायचा. मी उचलत नसे. माफी मागायची तर माणसाने समोर यावं.

सोमवार, ३ फेब्रुवारी.
भाषण तयार. सहा पानं. अंजलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, भावाच्या जलदान विधीत हेल्मेट कशाला?" बायकोला क्रिकेट कळत नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी. डेअरीत, जेवणाच्या सुट्टीत.
कुणी शंका काढू नये म्हणून अकाउंट्समधल्या स्वरूपाला नियम बघायला सांगितलं. ती कॉलेजात खेळलेली आहे. मोबाइल बघून म्हणाली, "सर, हे तर बदललं की. फिल्डरनं घातलेल्या हेल्मेटवरून उडालेला कॅच आता आउट. एक ऑक्टोबर २०१७ पासून."
डिसेंबर ऑक्टोबरनंतर येतो.
डबा परत आणला.

बुधवार, ५ फेब्रुवारी.
शांतपणे विचार केला. मुद्दा सापडला. विजयसिंहच्या डोक्यावर क्रिकेटचं हेल्मेट नव्हतंच, मोटारसायकलचं होतं. एमआयडीसीत येताना घालतो तेच. म्हणजे नवा नियम लागू नाही. स्वरूपाला सांगितलं. ती म्हणाली, "सर, मग ते काय टोपी होती? टोपीला लागून उडाला तरी आउटच की." हिला विचारायलाच नको होतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी.
खरं बोलायचं ठरवलं. सहा पानं फाडली. नवीन एकच पान. सुरुवात : "मी चुकलो." नंतर : "आम्ही दोघेही चुकलो." सध्या : "नियम फार घाईने बदलण्यात आला."

शनिवार, ८ फेब्रुवारी, सकाळी.
भाषणाआधी करुणाला, म्हणजे बुद्धघोषच्या बायकोला, सांगायला हवं. फोन केला. खुर्च्या किती आल्या, मंडप कुणाचा, हे विचारलं. बाकीचं उद्या. प्रत्यक्ष बोललेलं बरं. पान खिशात घातलं. "मी चुकलो" पुन्हा पहिल्या ओळीवर आहे. पक्कं.

रविवार, ९ फेब्रुवारी. इंदापूरहून येताना, एसटीत.
वंदना झाली. माझ्या आधी विजयसिंह बोलायला उठला. म्हणाला, "फायनल हारल्यावर मॅनेजरनं अंपायरविरुद्ध तक्रार लिवली हुती. टीमनं सह्या केल्या. घोषभाऊनं कागद फाडला. म्हणला, कप पुढल्या वर्षी आणू, त्या माणसाचं अंपायरिंग बंद करू नका, त्याला तेवढाच आनंद हाय. म्हणून घोषभाऊचीच कॅप्टनकी काढली. अंपायरचं नाव मी घेत न्हाय." सगळा वेळ तो स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

मग माझं नाव पुकारलं. उभा राहिलो. पान काढलं. "तो चांगला बॉलर होता," एवढं म्हणालो आणि खाली बसलो. भावकीतले बाजीराव तात्या शेजारच्याला म्हणाले, "बघा, शबूद फुटंना. भाऊ असावा तर असा." दोन-तीन जणांनी येऊन पाठीवर हात ठेवला. मी ठेवू दिला.

निघताना करुणा चहा घेऊन आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "भावजी, तुमी का बोलत नव्हता ते त्यांनी मला कधी सांगितलं न्हाय. आता इचारत बी न्हाय." कप हातात देत म्हणाली, "ह्या अंपायरचं बी कधी बोललं न्हाईत. कोण हो ते? आज तरी आलं असतील का?"
मी म्हणालो, आले असतील.