मोरिओची आठ रंगांची खोली

१४ सप्टेंबर, सोमवार

माझ्या नावावर भलताच गुन्हा!

सकाळी इथल्याच ओसु बाजारातून पत्र आलं. कोणी तोकुशिगे म्हणून आहे, जुने घरगुती कॉम्प्युटर दुरुस्त करतो. ते कॉम्प्युटर नवे होते तेव्हा मोठी दुकानं त्यांच्या पडद्यांवर हलती चित्रं चालू ठेवायची – येणाऱ्या-जाणाऱ्याने थबकावं म्हणून. ती चित्रं हा माणूस शोधतो. एकसष्ट सापडलीत. बासष्टावं १९८३ सालच्या एका मासिकात छापलं होतं, म्हणजे त्याचा प्रोग्रॅम, आकड्यांच्या ओळीच्या ओळी. त्याच्याकडच्या प्रतीत मधली पानं नाहीत. पण प्रोग्रॅमखालचं नाव शाबूत आहे – इनुबुशी तोमिए, नागोया. ‘त्या आपणच का?’

मी! १९८३ साली मी स्टेशनच्या पायऱ्यांवर उभी राहून याच यंत्रांविरुद्ध घसा फोडत होते. छापखान्यात यंत्र आलं की अडतीस माणसं बाहेर जाणार, हे मी आकड्यानिशी सांगत होते. आणि गेलीच ती अडतीस! त्या वर्षी मी कॉम्प्युटरसाठी चित्र काढलं? हे कोणी त्या वेळी वाचलं असतं तर युनियनने मला त्याच पायऱ्यांवरून खाली ओढलं असतं. हक्काने.

१५ सप्टेंबर, मंगळवार

नागोयात इनुबुशी आडनावाची घरं दोन. दुसऱ्या घरात त्या वर्षी फक्त एक म्हातारा होता, आंधळा. म्हणजे उरला माझा नवरा, मोरिओ.

२० सप्टेंबर, रविवार

मोरिओच्या थडग्यावर गेले. पाणी ओतलं, ओहागीचे गोड लाडू ठेवले, आणि मग त्याला चांगलं फैलावर घेतलं. वर्ष झालं त्याला जाऊन, एवढं मोठ्याने पहिल्यांदाच बोलले असेन. माझी टिंगल केलीस का? दर गुरुवारी ‘गोचा पट खेळायला जातो’ म्हणून कुठे जात होतास?

हागिनो माझ्याबरोबर आली होती. आम्ही तिघं एकाच छापखान्यातले. ती थडग्यावरची पानं झाडत होती. म्हणाली, “अगं, हळू बोल. शेजारच्या थडग्यातले उठून टाळ्या वाजवतील.”

“नवऱ्याने माझ्या नावाने माझ्याच शत्रूची चाकरी केली, हागिनो!”

“बघितलंस का ते चित्र?”

“नाही.”

“न वाचलेल्या पुस्तकावर कधी भाषण केलं होतंस का?”

कधीच नाही. बाई नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवते.

२४ सप्टेंबर, गुरुवार

ओसुला गेले, भांडायच्या तयारीने. तोकुशिगेचं दुकान एका किशिमेनच्या, चपट्या शेवयांच्या, खानावळीच्या वर आहे. माणूस पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, बोटं मात्र सुईणीसारखी हळुवार. मी दारातूनच सुरुवात केली – यंत्र, भाकरी, अडतीस माणसं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “बाई, माझे वडील त्या अडतिसात नव्हते, पण दुसऱ्या छापखान्यातल्या बावीस जणांत होते. बसा. चहा घेता?”

बसले. काय करणार?

मग त्याने मशीनचे पडदे चालू केले आणि एकेक चित्र दाखवलं. काय लिहू! ठिपके बोटाच्या पेराएवढे. रंग आठच, त्यात काळा आणि पांढरा धरून. तेवढ्या रंगांत एकाने समुद्र केलाय. लाट येते, ओळीओळीने, वरून खाली, कोणी चटई उलगडावी तशी. एका चित्रात आगगाडी चंद्रावर चढते. एका चित्रात नुसता खिडकीचा पडदा आहे, वाऱ्याने हलणारा, आणि त्यामागे काहीच नाही. ते मी कितीतरी वेळ बघत राहिले. झोप लागण्याच्या जरा आधी माणूस जिथे असतो ना, तिथे जाऊन कोणीतरी ही चित्रं काढली आहेत.

“यातल्या निम्म्या लोकांकडे मशीनच नव्हतं,” तोकुशिगे म्हणाला. “घेणं परवडायचं नाही. घरी चौकटीच्या कागदावर लिहायचे आणि सुट्टीच्या दिवशी दुकानातल्या मांडलेल्या मशीनवर उभ्या उभ्या टाइप करायचे. दुकानवाले काही म्हणत नसत. उलट चित्र चांगलं झालं तर चालू ठेवायचे.”

चौकटीचे कागद! मोरिओच्या कपाटात त्यांचा गठ्ठा आहे. मला वाटायचं, गोचे डाव टिपून ठेवलेत.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

मासिक सापडलं. त्या कागदांच्याच खाली, आमच्या संपाच्या पत्रकांत गुंडाळलेलं. मला चिडवायला की लपवायला, कोण जाणे. तीन पानं नुसते आकडे. माझ्या घरात दोन खोल्या पुस्तकं आहेत, पण माझ्या नावावर छापलेली ही तीन पानं मला वाचता येत नाहीत.

टिंगल असेल तर ती मला बघायची आहे. माझ्या डोळ्यांनी. मग त्याच्याशी काय बोलायचं ते ठरवीन.

८ ऑक्टोबर, गुरुवार

तोकुशिगे एकटाच टाइप करत होता. पान बघायचं, कळफलक बघायचा, पुन्हा पान. दर ओळीला चुकत होता. मला राहवलं नाही. “उठू नका. पान इकडे द्या. मी वाचते, तुम्ही लिहा.”

छापखान्यात आम्ही प्रुफं अशीच तपासायचो. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा – प्रत्येक अक्षर, प्रत्येक ठिपका. दुसऱ्याने छापलेल्या कागदावर पेन्सिल फिरवत जायचं. दोघांनीही मान वर करायची नाही. मी वाचणारी होते, आवाजामुळे. अठरा वर्षं वाचलं. समोर बहुतेक वेळा मोरिओ असायचा. लग्नाआधीही.

“शून्य, स्वल्पविराम, सव्वीस, स्वल्पविराम, सव्वीस, स्वल्पविराम, तीन –”

खालच्या खानावळीतलं गिऱ्हाईक वर डोकावून गेलं. “इथे मंत्र चाललेत का हो?” तोकुशिगे हसत सुटला. “बाई, या आवाजात तुम्ही आकडे वाचता तर उठून संप करावासा वाटतो!”

मीही हसले. खरं म्हणजे बरं वाटत होतं. आवाज जागेवर आला होता.

११ ऑक्टोबर, रविवार

स्वप्नात एक पडदा वाऱ्याने हलत होता. मागे कोणीतरी पेन्सिल तासत होतं.

१२ ऑक्टोबर, सोमवार

वाचून संपलं. चालू केलं.

काळा पडदा. मग कोपऱ्यात पिवळा दिवा लागला, त्याखाली टेबल, आठांत तपकिरी नाही म्हणून लाल. टेबलाशी दोन माणसं, प्रत्येकी सोळा ठिपके उंच. एक बाई. तिचं तोंड उघडतं, मिटतं. तोंडातून निळी अक्षरं बाहेर पडतात, दिव्याखालून जाताना त्यांचे मासे होतात आणि ते पोहत पोहत अंधारात जातात. समोरचा माणूस खाली मान घालून पेन्सिल हलवतो.

मी! तो! आमची वाचायची खोली!

मी खुर्ची घट्ट धरली. टिंगल कुठे येते याची वाट बघत होते. मध्येच त्या माणसाच्या डोक्याशी काहीतरी फडफडलं. तोकुशिगे पुटपुटला, “पडदा जुना झालाय.” मासे जातच राहिले आणि अचानक सगळं थांबलं. मशीनने लिहिलं – आकडे अपुरे. चित्र अर्धवट.

“मासिकातच चूक असणार,” तो म्हणाला. “असायच्याच.”

“आमच्या काळात नसायच्या,” मी म्हटलं. जरा जास्तच ताठ्याने.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

चूक माझी.

तोकुशिगेने ओळी मोजल्या. मशीनमध्ये एक कमी. ओळींचे क्रमांक मशीन आपोआप घालतं, म्हणून मी ते वाचतच नव्हते. पानांवर बोट फिरवत गेले तर – पहिल्या पानाची शेवटची ओळ आणि दुसऱ्या पानाची पहिली ओळ एकच! तेच आकडे, त्याच क्रमाने. पान बदलताना ओळ दुबार लागणं ही छापखान्यातली सगळ्यात जुनी चूक. ती दिसली की वाचणाऱ्याने गाळायची, विचारायचंही नाही. मी गाळली. मला कळलंसुद्धा नाही!

“पण इथे ती चूक नाही,” तोकुशिगे म्हणाला. “एक ओळ म्हणजे चित्राचा एक क्षण. तीच ओळ दोनदा लिहिली याचा अर्थ त्याला तो क्षण थांबवून धरायचा होता.”

खानावळ बंद व्हायची वेळ झाली होती. ओळ उद्या घालू म्हणाला. मीही हट्ट धरला नाही. का कोण जाणे, भीती वाटली.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी चालू केलं. दिवा. टेबल. मासे.

डोक्याशी फडफडलं होतं तिथे त्या माणसाने मान वर केली. वाचणाऱ्या बाईकडे बघितलं. तिचं तोंड चालूच होतं, नजर कागदावर. पूर्ण एक सेकंद तो तसाच बघत राहिला. मग पुन्हा खाली.

या वेळी चित्र थांबलं नाही. खोली अंधारली, दिवा एकटा उरला आणि त्याच्या उजेडात एक चिठ्ठी आली. प्रत्येक प्रुफाला टाचायचो तसली. वाचणाऱ्याने नाव लिहायचं, तपासणाऱ्याने शिक्का मारायचा – मी प्रत्येक अक्षर पाहिलं, असं सांगणारा. चिठ्ठीवर लिहिलं होतं: वाचन – इनुबुशी तोमिए. शिक्क्याची चौकट रिकामी.

“मासिकवाल्यांना तेवढंच नाव सापडलं असणार,” तोकुशिगे हळूच म्हणाला. “नोव्हेंबरात प्रदर्शन आहे. पाटीवर तुमच्या यजमानांचं नाव घालू ना?”

म्हटलं, पुन्हा एकदा लावा. सहा वेळा लावलं.

१९ ऑक्टोबर, सोमवार

युनियनच्या कागदांत छापखान्याची चुकांची वही आहे. ती दाखवून मालक मोरिओला काढायला निघाले होते – एका वर्षात सव्वीस चुका नजरेतून सुटल्या म्हणून. मी उभी राहिले आणि तासभर बोलले. दिवे मंद आहेत! कामगारांचे डोळे जातायत! सभा पेटली, मालक नमले, सगळ्या टेबलांवर नवे दिवे आले. माझं सगळ्यात गाजलेलं भाषण.

आज वही पुन्हा पाहिली. सव्वीसच्या सव्वीस मी वाचलेल्या कागदांवर. हागिनोने किंवा इतर कोणी वाचलेल्या कागदांवर एकही नाही.

जुने दिवे चांगले होते.