खुंटीवरचा सदरा

आपा,

मी दुकानात चाललोय. उद्याचे ईदचे कपडे गिऱ्हाइकांनी नेल्याशिवाय हलता येणार नाही, रोजा तिथेच सोडेन. घरच्यांचे कपडे कपाटात आहेत. तुझ्या पोराच्या सदऱ्याला एक बटण राहिलंय, तेवढं लाव.

खुंटीवरचा पांढरा सदरा कुणाचाच नाही. कापडाचा तागा पसरला आणि दर वर्षीसारखा हातांनी आधी अब्बांचाच कापला. अब्बा आता नाहीत, हे गळा शिवताना आठवलं. तरी मी थांबलो नाही. रडू आलं नाही, काहीच आलं नाही.

सकाळी अम्मीने तो इस्त्री करून लटकवला. म्हणाली, "खांद्यात सैल ठेवलास ते बरं केलंस, त्यांना तसाच लागतो." थोरली बहीण म्हणून तू तिला समजवायला जाऊ नकोस.

उद्या चाचा गळाभेटीला येतील. अब्बांच्या मय्यतीला आले नाहीत, त्या दिवशी त्यांचे गुडघे दुखत होते, ईदला बरे चालतात. आठवण म्हणून सदरा मागतील. देऊ नकोस. तो माझा आहे म्हणून तोंडावर सांग.

बाह्या मला लांब होतात. आखूड करणार नाही. नमाजला तोच घालून जाईन. अम्मीला आधी सांगून ठेव, पाठमोरा बघून दचकेल.