कपाट कितीवर टांगायचं

५ मार्च, शनि.
हत्यारांची पेटी आज उघडली. पौषात कटर मशीनवर ह्यांच्या उजव्या हाताचा अंगठा अन् शेजारचं बोट गेलं, तेव्हापासून बंदच होती. खालून वाळवी लागलेली. रंध्याची मूठ हातात आली ती पोकळ. दोन पटाश्यांच्या मुठींची नुसती माती. पाऊस नाही, गवत नाही, वाळवीनं तरी काय खावं. पण आमचंच का?
ह्यांना सांगितलं. बाजेवरून उठलेसुद्धा नाहीत.
"जाळून टाक सगळं."
मी काही जाळत नसते.

६ मार्च, रवि.
बिलबुकाच्या मागच्या पानावर ह्यांनीच काढलेलं चित्र सापडलं. भिंतीवर टांगायचं हत्यारांचं कपाट. दोन दारं, दारंही खोल, आतून हत्यारं अडकवायला. जमिनीला टेकणारच नाही, म्हणजे वाळवीची कटकट गेली. सगळी मापं बारीक अक्षरात. नांदेडला आयटीआयत शिकलेत. काय हात होता...
ह्यांच्या पुढ्यात ठेवलं.
"कोण करणार?"
"मी. तुमच्यासाठी. हात बरा झाला की लागंल न्हवं?"
अंगठा काय परत फुटतो? दोघांनाही माहीत. पण मी बोलून बसले.

८ मार्च, मंगळ.
अप्पा आले. लाकडाची वखार त्यांची, आमचा सुतारकामाचा गाळाही त्यांचाच, भाड्यानं घेतलेला. खुर्ची ह्यांच्याकडं ओढून बसले, माझ्याकडं पाठ.
"मिस्त्री, लातूर जिल्हा झाला. रोज एक नवं हापिस निघून राहिलंय. टेबलं, खुर्च्या, रॅक, मी कुठवर पुरवू? गाळा कुलपात ठेवून कसं चालंल? हत्यारं वापरायला द्या, बिदरचा एक मिस्त्री बसवतो. एक तारखेला येतो."
हे म्हणाले, "बघू."
बघू! तोंडावर नाही म्हणाले असते तर माझा जीव भांड्यात पडला असता. एकदा दुसऱ्याचं बूड गाळ्यात टेकलं की आम्ही बाहेर, हे शेंबड्या पोरालाही कळतं. अप्पा वाईट नाहीत. दवाखान्यात मोसंबी घेऊन आले होते. म्हणून तर जास्त भ्या वाटतं. वाईट माणसाला तोडून बोलता येतं.

११ मार्च, शुक्र.
गाळ्याचं जुनं सागवानी दार पडून होतं, तेच कापलं. फळ्या झाल्या. रंध्याला, पटाश्यांना नव्या मुठी बसवल्या. करवतीचं दुसरं टोक नऊ वर्षं मीच धरलेलं, त्यामुळं करवत ओळखीची. टँकर येऊन गेला, कळलंच नाही. शेजारणीनं अर्धी घागर दिली अन् वर ऐकवलं, "बायकांची कामं कमी पडली का गं?"

१५ मार्च, मंगळ.
कपाटाच्या दाराची फळी चौकटीत गच्च बसवली. काय बसली म्हणून फुशारले. दारातल्या बाजेवरून ह्यांचा आवाज आला, "दुष्काळाची हवा हाय. लाकूड सुकून आखडलंय. पाऊस झाला की फुगंल, चौकट फोडंल. कडंनं जागा सोड."
"आधी सांगायचं."
"विचारलं का?"
उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं काय. पण बरोबर होतं. सगळं उकललं. एक कोपरा तुटला. रडू आलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा लाकडाबद्दल बोलले, त्याचंही असेल.

१९ मार्च, शनि.
टँकरवरून आले तर हे गाळ्यात. रंधा खाली पडलेला. फळीत खोल खड्डा. डाव्या हातानं मारून बघितला असणार. मला बघून तोंड फिरवलं, "पाणी मिळालं का?"
"मिळालं."
खड्ड्याची फळी कपाटाच्या पाठीला लावली. भिंतीकडं.

२३ मार्च, बुध.
तळ्याच्या दुष्काळी कामावरचा मुकादम आला. कुदळीला दांडे पाहिजेत, बाभळीचे, दहा. मी केले. तासून, घासून, कुणाच्या हाताला एकही कुसळ लागणार नाही असे. न्यायला आला, दांडा हातात तोलला.
"वा. मिस्त्रीनंच केलेत न्हवं?"
हे म्हणाले, "हाव."
माझ्या समोर. माझ्या हाताला फोड आलेले. मी आत गेले अन् भांडी आपटली.

२४ मार्च
ह्यांच्याशी बोलत नाही.

२६ मार्च, शनि.
अजून नाही. कपाट झालं. प्रत्येक हत्याराला आपली खाच. दारं मिटली की आवाज नाही. चांगलं झालंय, मीच म्हणते.

२८ मार्च, सोम.
आता खरी गोची. टांगायचं कितीवर?
तिरप्या कडेच्या दोन पट्ट्या, एक भिंतीला, एक कपाटाला, वरची खालचीत अडकते. भिंत मातीची, भुसभुशीत. पट्टीसाठी एकदा भोकं पाडून लाकडी गुट्ट्या ठोकल्या की झालं. पुन्हा खाली-वर करायला गेलं तर भिंतच ढासळेल. म्हणजे एकदाच.
ह्यांच्या चित्रात ह्यांच्या उंचीचं माप. तिथं टांगलं तर वरची करवत मला स्टुलाशिवाय निघत नाही. मी पाच फुटाला दोन इंच कमी. माझ्या मापानं टांगलं तर हे आल्याआल्या ओळखतील, की बाईनं गाळा घेतला. चित्राप्रमाणं टांगलं तर एक तारखेला बिदरच्या मिस्त्रीला आयतंच.
भोकं पाडली नाहीत. छिन्नी हातात घेऊन उभी राहिले अन् परत आले. लाज वाटते. तीन आठवडे तुमच्यासाठी तुमच्यासाठी म्हणत माझ्यासाठीच करत होते का काय? हो. पंधरा तारखेला फळी बसली म्हणून फुशारले, तेव्हापासून तर नक्कीच.

३१ मार्च, गुरु.
दुपारी हे गाळ्यात आले. डाव्या हातात पेन्सिल.
"अजून टांगलं न्हाई?"
"न्हाई."
"का?"
सांगूनच टाकलं. "तुमच्या मापानं टांगलं तर मला पुरत न्हाई."
वाटलं आता भडकतील. हे भिंतीपाशी गेले. मग म्हणाले, "हात वर कर."
केला. भिंतीला चिकटून उभी राहिले. माझ्या बोटांच्या टोकाशी रेघ मारली. वाकडीतिकडी आली, पुन्हा मारली. त्यावरून पट्टी कुठं येईल ते मोजून खूण केली.
"हितं पाड."
"अन् तुम्ही?"
"मला वाकता येतंय."
बाहेर जाऊन बसले. मला काहीच कळेना. गाळा दिला का हाय खाल्ली? विचारायचं धाडस नाही.
चार भोकं पाडली. दोन गुट्ट्या घट्ट, दोन हलतात. हलतात त्यांना चुना भरलाय. कपाट अजून जमिनीवरच आहे. चुना वाळला तर सकाळी टांगू, अप्पा यायच्या आत. उचलायला दोघं लागतील.