मिनीचं पहिलं तेल

११ जानेवारी, शनिवार

नव्या मिनी पोकलेनचे त्रेपन्न तास झाले! उद्या रविवार, तारापूरच्या कारखान्यातली साईट बंद, मशीन बोईसरला आमच्या यार्डात येणार. उद्याच तेल काढते. नव्या इंजिनाचं पहिलं तेल पन्नास तासांत बदलायचं असं कंपनीच्या पुस्तकातच आहे. नवे भाग एकमेकांवर घासून बसतात, त्यांचा बारीक चुरा तेलात उतरतो. वरून तेल मधासारखं दिसतं, आत लोखंड असतं. हे मला डिप्लोमात नाही, मुरबे गावात बाबांच्या मासेमारीच्या बोटीवर कळलं.

मशीनचा ऑपरेटर महादूदादा मासवणला घरी गेला. पंधरा वर्षं लोकांची खिळखिळी मशीनं चालवून आत्ता कुठे कोरं मशीन हातात आलंय. सीटवरचं प्लास्टिक कुणाला काढू देत नाही!

१२ जानेवारी

नाही काढलं.

ड्रेन नटाला पाना लावलाच होता. मालक आले. धर्मेशशेठ. इंजिनातली तेल मोजायची पट्टी ओढून सगळ्या यार्डाला दाखवली. "बघा रे, कोरं तेल! आणि ही ओतून टाकतेय. काय गं उन्नती, बापाच्या बोटीला कमी पडलं काय?"

सगळे हसले.

आमच्याकडे बोटीच्या तळाला इंजिनातून काढलेलं काळं तेल चोपडतात, लाकूड टिकतं. यार्डातलं जळकं तेल मी कॅनमधून नेते — शेठना विचारून! दर वेळी विचारून! आज तोंडात मारल्यासारखं झालं. पाना आपटला. म्हटलं, ठेवा तुमचं तेल.

संध्याकाळी म्हणाले, "बदललं म्हणून देखभालीच्या पुस्तकात लिही, कारखान्यावाले बघतात. अडीचशे तासांना बदलूच." मी रागात होते. तसं लिहून सही ठोकली आणि निघाले.

१९ जानेवारी

पुन्हा रविवार, मशीन पुन्हा समोर. दुपारी यार्डात कुणी नव्हतं. गुपचूप काढावं असं दहादा मनात आलं. पण कॅन भरताना कुणी बघितलं तर? परत तेच ऐकायचं?

नाही काढलं. माझं नाक मोठं ना!

२६ जानेवारी

मुरब्याला गेले. बोट वर ओढलेली, बाबा तळाला तेल लावत होते. मान वर न करता विचारलं, "नव्या मशीनचा पयला तेल काढलास ना?"

"काढलं."

"शाबास. नवा इंजिन पयल्यांदा सोताचाच अंग खातो."

बाबांशी खोटं बोलले. बोंबलाचं कालवण होतं, दोन घास खाऊन उठले. आईला वाटलं पोट बिघडलंय.

४ फेब्रुवारी

इंजिन जाम. २२१ तास.

महादूदादाचा फोन आला. "ताय, आदी ठकठक वाजला, मंग बंदच पडला. मी काय केला नाय गो!" म्हटलं, तुम्ही नाही केलं, दादा. आणि फोन ठेवला.

यार्डात आणल्यावर तेल काढलं. भांडं उन्हात धरलं. चुरा नुसता चकाकत होता. शेठनी भांडं माझ्या हातून घेतलं आणि आत नेलं.

५ फेब्रुवारी

कारखान्याने विचारलंय — देखभाल चुकली की माणूस? उत्तर मिळेपर्यंत यार्डाची सगळी मशीनं कारखान्याच्या गेटबाहेर.

देखभालीचं पुस्तक तर स्वच्छ. माझ्याच सहीने! "म्हणजे माणूस चुकला," शेठ म्हणाले. "सकाळी पट्टी बघितली नसेल त्याने. लेखी कबुली घेऊ. तू फक्त गप्प बस."

गप्प बसले. एकदा ठपका लागला की महादूदादाला तारापूरचा कुठलाच कारखाना मशीनवर बसू देणार नाही. आणि खरं बोलले तर मी संपले. तीन वर्षं ऑफिसात फाईली लावल्या तेव्हा कुठे शेठनी हातात पाना दिला. खोटी सही करणाऱ्या बाईला बोईसरमध्ये दुसरं कोण काम देणार?

शेठचा राग येतो. पण पाना माझ्या हातात होता. त्यांनी धरला नव्हता हात.

६ फेब्रुवारी

सांगितलं नाही. महादूदादा दिवसभर बाकड्यावर बसून होता. मी मागच्या दाराने ये-जा केली.

७ फेब्रुवारी

आज महादूदादाची बायको ठमी डबा घेऊन आली. मला बघून उठून उभी राहिली. "ताय, तुला मशीनचा समदा समजतो. याचा काय चुकला ते सांग ना!" बघते म्हटलं. बघते! याहून नीच शब्द नसेल.

आता बास. उद्या कारखान्यावाल्यांसमोर सगळं बोलते — तेल, पुस्तक, सही. नोकरी जाऊ दे. बाबांनाही सांगेन. अकरा वाजता यार्डात येणार आहेत ते लोक.

८ फेब्रुवारी

मी दहा वाजताच यार्डात पोचले. महादूदादा कबुलीवर सही करून यार्डाच्या गेटपाशी उभा होता. कुणी जबरदस्ती केली नव्हती, आपण होऊन केली. म्हणाला, "दोन सकाळी घाईत पट्टी बगायची ऱ्हायली व्हती, ताय. मी लय इचार केला. तेल तर तू बदललाच व्हता, पुस्तकात तुजी सही हाय. मंग चूक माजीच ना?"